सुटणारा डिंक

माझा कॉलेजचा रूममेट नोकरी सोडून शिकायला जर्मनीला निघाला, तेव्हा आम्ही चौघांनी त्याला टी-शर्टांची गोधडी द्यायचं ठरवलं. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ज्ञान किती जमलं ते सोडा, टी-शर्ट भरपूर जमले होते. टेक फेस्ट, हॉस्टेल क्रिकेट, ब्रँचचा, गणपतीचा. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच की आमच्यात सुईत दोरा ओवता येणारा एकही नव्हता. मग इंजिनीअर जे करतात तेच आम्ही केलं. 'बेस्ट फॅब्रिक ग्लू' शोधलं, ट्यूबवर 'परमनंट' आणि 'वॉशेबल' असे दोन्ही शब्द असलेला एक मागवला आणि एका रात्रीत सोळा चौकोन जुन्या चादरीवर चिकटवून मोकळे झालो.

फोटोत ती गोधडी झकास दिसली. हातात घेतली की मात्र कडा पापडासारख्या लागत. घडी घातली तर डिंकाची रेघ कुरकुरायची. एकदा धुतली तेव्हा क्रिकेटचा चौकोन अर्धा उचकटून लोंबायला लागला आणि पांढऱ्या टी-शर्टांच्या कडेने पिवळट डाग उमटले. विमान दहा दिवसांवर होतं.

चुकलं काय ते शोधताना मला एक सूचनापत्रक सापडलं. त्यातल्या सूचना साध्या होत्या. कापड तीन फूट बाय सहा फूट घ्या, चारी बाजूंनी दुमडायला जागा सोडा. ताणलं जाणारं कापड नको, जाडसर सुती घ्या. अक्षरं आणि तुकडे शिवून लावा, डिंकावर विसंबू नका, तो टिकत नाही. कारणही दिलं होतं: हे कापड अनेकदा घडी घातलं जाणार आहे आणि अनेकदा उलगडलं जाणार आहे. आम्ही यातली प्रत्येक सूचना मोडली होती. पण ते पत्रक हॉबी क्लासचं नव्हतं. तीन बाय सहा फूट हे साधारण एका थडग्याचं माप आहे.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दर वर्षी २७ नोव्हेंबरला एक मेणबत्ती मोर्चा निघायचा. १९७८ साली त्याच दिवशी हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली होती, त्यांच्या आठवणीत. १९८५च्या मोर्चाची तयारी करताना क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याच्या लक्षात आलं की एकट्या त्या शहरात एड्सने गेलेल्यांचा आकडा हजाराच्या वर गेला आहे. त्याने लोकांना सांगितलं, तुमचं जे माणूस गेलं असेल त्याचं नाव एका पुठ्ठ्यावर लिहून आणा. मोर्चा संपल्यावर शिड्या लावून ते सगळे फलक केंद्र सरकारच्या कार्यालयाच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावले गेले. लांबून पाहताना जोन्सला ती भिंत तुकड्यातुकड्यांच्या गोधडीसारखी, म्हणजे क्विल्टसारखी दिसली.

जगातलं बहुधा सर्वांत मोठं शिवलेलं स्मारक असं चिकटपट्टीवर सुरू झालं.

१९८७ साली जोन्सने आपल्या मार्विन फेल्डमन या मित्रासाठी पहिलं पॅनेल केलं. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ही क्विल्ट पहिल्यांदा अंथरली गेली. तेव्हा तिच्यात १,९२० पॅनेलं होती. आठ पॅनेलं जोडून बारा बाय बारा फुटांचा एक ठोकळा करायचा, स्वयंसेवकांनी तो पाकळ्या उघडाव्यात तसा उलगडायचा आणि त्या वेळी नावं मोठ्याने वाचायची, अशी पद्धत पडली. पुढे शहराशहरांतून तेच ठोकळे घडी घालून नेले, उलगडले, परत घडी घातले. आज पॅनेलांची संख्या ५०,००० च्या आसपास आहे आणि वजन ५४ टन.

हे शिवत कोण होतं? जोडीदार, मित्र, आया, नर्स. बऱ्याच जणांनी आयुष्यात सुई धरली नव्हती. कित्येक मृतांचे अंत्यविधीच नीट झाले नव्हते. घरच्यांना लाज वाटायची, अंत्यविधी करून देणारे देह घ्यायला नकार द्यायचे. त्यामुळे पॅनेल हेच थडगं आणि तोच विधी. त्यावर काय नव्हतं? जीन्स, चामड्याची जाकिटं, टेडी बेअर, लग्नाच्या अंगठ्या, टिकल्या, काहींवर तर अस्थीसुद्धा. आणि नाव लावायचं तर टाके घालत बसायला वेळ कुणाकडे होता? एड्सवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध एझेडटी १९८७ च्या मार्चमध्ये आलं आणि तेही बरं करणारं नव्हतं. पॅनेल करणारा स्वतःच आजारी असायचा. 'डिंकावर विसंबू नका' ही सूचना मी पुन्हा वाचली ती या बाजूने. डिंक आज रात्रीत काम उरकून देतो. टाक्याला आठवडे लागतात. आठवडे मोजून असलेल्या माणसाला कुणीतरी सांगतंय की तरीही शिवा, कारण हे तुमच्यानंतरही उलगडलं जाणार आहे.

तरीही डिंकाने लावलेलं, रंगाच्या फवाऱ्याने लिहिलेलं बरंच आलं. ते नाकारलं नाही. गर्ट मॅकमुलिन नावाची बाई १९८७ पासून या क्विल्टची देखभाल करते. सुटलेलं, झिजलेलं पुन्हा शिवून घेणं हे तिचं जवळजवळ चार दशकांचं काम आहे.

आता प्रश्न असा की डिंक कापडावर टिकत का नाही. लाकडाच्या खुर्चीत तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

कापड म्हणजे हलत राहणारे धागे. घडी घातली की प्रत्येक धागा शेजारच्यावरून किंचित सरकतो, म्हणून कापड अंगावर पडतं. टाका या सरकण्याला आड येत नाही, तो ठिकठिकाणी फक्त धरून ठेवतो. डिंक धाग्यांमधल्या फटी भरतो आणि त्यांना एकत्र बांधून त्यांची पाटी करतो. प्राचीन इजिप्तमध्ये हेच मुद्दाम केलं जायचं. तागाच्या कापडाचे थर चिकटवून, वर गिलावा देऊन ममीचे मुखवटे आणि पेट्या बनवत. हजारो वर्षं टिकल्या त्या, पण त्यांना कुणी घडी घातली नाही. आमच्या गोधडीच्या कडा म्हणजे त्याच पेटीचा गरीब अवतार. घडीचा सगळा ताण कडक पाटी जिथे संपते त्या रेषेवर येतो आणि तिथेच डिंक तडकतो नाहीतर कापड फाटतं.

पण माणसाने कापडाला सर्वांत जास्त काळ जो चिकट पदार्थ लावला, तो टिकावा अशी त्याची इच्छाच नव्हती. तो म्हणजे खळ. पिठाची खळ किती जुनी म्हणावी? रोमचा प्लिनी पहिल्या शतकात पपायरस चिकटवण्याची कृती देतो ती अशी: बारीक पीठ, उकळतं पाणी आणि वर थोडा व्हिनेगर. आपल्याकडे पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद टाकतात, कीड लागू नये म्हणून. कृती तीच, मसाला वेगळा.

कापडाला खळ दोन टप्प्यांवर लागते. तयार कपड्याला लागते तिला आपण कांजी किंवा स्टार्च म्हणतो. पण त्याच्या कितीतरी आधी, मागावर चढण्यापूर्वी, ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ द्यावी लागते, नाहीतर ते घासून तुटतात. आपल्याकडे घोंगडी विणणारे यासाठी चिंचोक्याची खळ वापरतात. मुंबईच्या गिरण्यांमध्ये याच कामासाठी सायझिंगचं वेगळं खातं असायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेने चिंचोक्याच्या पिठाचा अभ्यास केला आणि जे घोंगडीवाल्यांना ठाऊक होतं ते गिरण्यांपर्यंत पोचलं. विणून झालं की ही खळ धुऊन काढायची. म्हणजे आपण वापरतो त्यातलं बहुतेक विणलेलं सुती कापड जन्मतः चिकटवलेलं असतं आणि मग सोडवलेलं असतं. डिंक आला, त्याने काम केलं आणि निघून गेला. मला हा भाग फार आवडतो. आमच्या कोडमध्ये 'हे तात्पुरतं आहे' अशी कॉमेंट लिहिलेली ओळ सहा वर्षं सुखाने जगते. गिरणीतलं तात्पुरतं खरोखर तात्पुरतं होतं.

न सुटणारा डिंक ही त्या मानाने अलीकडची हौस. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवून त्याचा लेप दोन कापडांच्या मध्ये दिला आणि पेटंट घेतलं. रेनकोटचं सँडविच म्हणा. पाणी आत जात नव्हतं हे खरं, पण थंडीत ते कडक व्हायचं, उन्हात चिकट व्हायचं आणि वास यायचा तो वेगळाच. लोकरीतल्या तेलाने रबर खराब व्हायचं. सगळ्यांत गंमत म्हणजे शिंप्याने शिवलं की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत यायचं. टाका आणि डिंक यांचं हे पहिलं उघड भांडण.

दुसरं भांडण शर्टाच्या कॉलरवर झालं. साहेबाची कॉलर ताठ हवी, त्यासाठी ती प्रत्येक धुण्यानंतर स्टार्चमध्ये बुडवायला हवी. १९३० च्या दशकात यावर तोडगा निघाला: कॉलरच्या आतल्या अस्तरात सेल्युलोज ॲसिटेटचे धागे विणायचे आणि रसायन व उष्णतेच्या दाबाखाली ते थोडे वितळवून सगळे थर एकजीव करायचे. कॉलर कायमची ताठ. आज शिंप्याकडे गेलात तर तो ज्याला पेस्टिंग म्हणतो, ते इस्त्रीने चिकटणारं बकरम याच वंशातलं. आणि स्वस्त शर्ट चार वेळा धुतल्यावर कॉलरवर बुडबुडे येतात, तेही याच वंशाचं देणं. आतला थर एका बाजूने सुटलेला असतो. खळ सुटली तर पुन्हा लावता येते. हा थर सुटला की शर्ट फक्त घरात घालायचा.

मग पांढरा डिंक आला. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हा पदार्थ जर्मनीत फ्रिट्झ क्लाटेने १९१२ साली शोधला. अमेरिकेत बोर्डन या दूध कंपनीने १९४७ मध्ये त्यापासून पांढरा डिंक बाजारात आणला. दुधातल्या केसिनपासून डिंक करणारी कंपनी कृत्रिम डिंकाकडे वळली, पण बाटलीवर बैल ठेवला. तो एल्मर, जाहिरातीतल्या एल्सी गाईचा नवरा. आपल्याकडे १९५९ साली बळवंतराय पारेख यांचं फेविकॉल आलं आणि सुतारांची एका कटकटीतून सुटका झाली. त्याआधी सरस वापरायचा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो दर वेळी तापवून पातळ करावा लागे आणि त्याचा वास सहन करावा लागे.

लाकडाला हा पांढरा डिंक उत्तमच. लाकूड त्याला शोषून घेतं आणि मग जागेवर गप्प बसतं. पण आम्ही सुताराचा निकष कापडाला लावला होता. आमच्या ट्यूबमधला डिंक रबराच्या जातीचा होता, तो हवेने पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. हॉट ग्लू गन घेतली असती तर वेगळं दुखणं. तो डिंक उष्णतेने मऊ होतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या पिशवीत त्याचं काय होईल याचा विचार करा.

मी एव्हाना टाक्याच्या पक्षात गेलो होतो. तेवढ्यात अमेरिकेच्या झेंड्याची गोष्ट वाचली. १८१४ साली फोर्ट मॅकहेन्रीवर फडकलेला, ज्यावरून त्यांचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं तो झेंडा. शंभर वर्षांत तो इतका विरला होता की १९१४ मध्ये अमेलिया फाउलर यांना तो सावरायचं काम दिलं गेलं. त्यांनी मदतनीस बायकांना घेऊन झेंड्याच्या पाठीला तागाचं कापड जोडलं, जाळीसारख्या विणीने, अंदाजे १७ लाख टाके घालून. एका दृष्टीने यशस्वी काम, कारण झेंडा ऐंशीहून जास्त वर्षं त्यावर टिकला. पण त्या टाक्यांनी आणि पाठीच्या वजनाने तो ओढलाही जात होता. १९९८ नंतर स्मिथसोनियनच्या संवर्धकांनी तो खाली उतरवला आणि ते टाके कापून काढले. १७ लाख.

म्हणजे टाकाही निष्पाप नाही. फरक एवढाच की तो कापता आला. विसाव्या शतकात संग्रहालयांनी जीर्ण कापडं कृत्रिम डिंकाने आधाराला चिकटवूनही पाहिली. तिथे डिंक कडक झाला तर तो काढायला द्रावण लागतं, आणि द्रावण आधी कुणावर चालेल, डिंकावर की दोनशे वर्षांच्या रंगावर, ही चिंता. म्हणून संवर्धक 'काढता येईल का?' हा प्रश्न 'चिकटेल का?'च्या आधी विचारतात. गुस्ताव बर्जर यांनी १९७० मध्ये बनवलेला बेव्हा ३७१ हा डिंक त्यांच्यात नावाजला गेला तो यामुळेच. सुमारे ६५ अंशाला तो चिकटतो आणि उष्णता किंवा सौम्य द्रावण दिलं की सोडतो. रसायनाच्या नात्याने तो आपल्या ग्लू गनच्या कांडीचा चुलतभाऊच.

क्विल्ट करणाऱ्या बायकांनी हे ज्ञान संग्रहालयात जाऊन घेतलं नव्हतं. इंग्लंडमध्ये कागदावर कापड दुमडून तुकडे जोडण्याची जुनी रीत आहे. कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, असे तुकडे कडेला कड लावून शिवायचे आणि शेवटी कागद काढून टाकायचे. तारीख घातलेलं सर्वांत जुनं ज्ञात ब्रिटिश पॅचवर्क १७१८ सालचं रेशमी पांघरूण आहे आणि त्यातले कागद अजून आतच आहेत, काढलेच नाहीत. या कामात कच्चे टाके घालणं हा सर्वांत कंटाळवाणा भाग. तिथे आता अनेक जणी ग्लू स्टिक फिरवतात.

ग्लू स्टिक १९६९ मध्ये जर्मनीतल्या हेन्केल कंपनीने आणली. विमानात एक बाई लिपस्टिक लावताना दिसली आणि त्यांच्या संशोधकाला कल्पना सुचली, असं कंपनी सांगते. सुरुवातीला त्यात पाण्यात विरघळणारं कृत्रिम पॉलिमर होतं. पुढे त्या जागी स्टार्चपासून केलेला डिंक आला. फिरून गाडी खळीवर. अमेरिकेत तर पोरांच्या कपड्यांवरून धुऊन निघावा म्हणून केलेला शाळेतला पांढरा डिंक क्विल्टवाल्यांनी सर्रास उचलला. बारीक ठिपके द्यायचे, कोरड्या इस्त्रीने वाळवायचे, मशीनवर शिवायचं आणि पाण्यात टाकायचं. टाके राहतात, डिंक जातो.

आमच्याकडे आठ दिवस उरले होते. ती चादर घेऊन आम्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्या साड्यांना फॉल-पिको करून देतात. त्यांनी कड बोटांत चोळून पाहिली आणि विचारलं,

"अरे, माया किती सोडलीत?"

शिलाईसाठी कडेला जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही शून्य सोडली होती. टी-शर्ट छापलेल्या चित्राच्या कडेला कडक कापले होते.

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. डिंकाच्या कडा कापून टाकल्या. होजियरी ताणली जाते म्हणून प्रत्येक चौकोनाच्या पाठीला पेस्टिंग लावलं. इस्त्री उलट्या बाजूने फिरवली आणि खाली सुती फडकं घातलं, कारण टी-शर्टावरची छपाई प्लास्टिकची असते आणि वितळते. चौकोनांच्या मधे सुती पट्ट्या घातल्या म्हणजे माया मिळाली. त्या मायेतच ग्लू स्टिकचे ठिपके दिले. आधी एका चिंधीवर ठिपका देऊन, वाळवून, धुऊन, चुरगाळून पाहिला. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि आम्ही ती पहिल्यांदा केली असती तर हा लेख झाला नसता. सुईला डिंक चिकटत असेल तर ठिपका मोठा झाला, असं काकूंचं माप. मशीन त्यांनी चालवलं. थर एकत्र धरणारा धावदोरा मात्र आमच्याकडूनच घालून घेतला, चार संध्याकाळी, वाकडातिकडा. माझा टाका एक इंच लांब आहे. काकूंनी पाहिला आणि उसवायला लावला नाही.

एक चौकोन मात्र जुन्या डिंकाने चादरीला असा धरला होता की काढायला गेलो तर कापड फाटायला लागलं. कॉलेजच्या गणपतीचा. तो चादरीच्या तुकड्यासकट कापून तसाच बसवला.

गोधडी आता म्युनिकमध्ये आहे. दोनदा धुऊन झाली. त्या एका चौकोनाची कड अजून टोचते म्हणून ती बाजू पायाकडे घेतो, असं तो सांगतो.